दस्तक दाखवा! इतिहासाच्या प्रहसनात संकासुराचं काम

बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर २००९मध्ये ‘हॉरिबल हिस्टरीज’ सुरू झालं. राजे, रोगराई, लढाया, सगळ्यावर छोटी छोटी प्रहसनं. आणि मधूनच एक बाहुली-उंदीर पाटी घेऊन डोकावतो की हे खरंच असं होतं. शाळांच्या गॅदरिंगसाठी या कार्यक्रमातलं काही उचलायचं असेल, तर आधी हा उंदीर उचलावा. हसून झाल्यावर त्यातलं खरं किती आणि पदरचं किती, हे मुलांना तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

आपल्याकडे त्या जागी संकासुर आयता उभा आहे. कोकणातल्या दशावतारात आणि नमनातही, म्हणजे तिथल्या लोकनाट्यांत, तो काळ्या वेशात येतो, मधेच तोंड घालतो, हशा वसूल करतो. वेद चोरणाऱ्या असुराच्याच हातात खरेपणाची पाटी, यात वेगळी गंमत आहे.

प्रहसन तीन-चार मिनिटांचं, म्हणजे हशाची जागा धरून साडेतीनशे शब्दांचं असावं. त्यात तीनच गोष्टी शिकवाव्यात. चौथी घातली की पहिली विसरली जाते. समजा, विषय कान्होजी आंग्र्यांचा आहे. आपल्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, जाणारी गलबतं ते पकडत. मुलांना चेकनाका ठाऊक असतो, म्हणून रंगमंचावर टेबल, वही, शिक्का आणि जहाजांची रांग. पोर्तुगीज कप्तान गुरकावतो, “समुद्रावर परवाना कसला?” कारकून मान वर न करता म्हणतो, “दोनशे वर्षां आमच्याकडे कार्ताझ मागताना ह्या सुचला नाय, सायबानू?” इथे संकासुराची पाटी: ‘खरं! सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज इतरांच्या जहाजांकडे कार्ताझ, म्हणजे परवाना मागत.’ मग इंग्रज येतो, कागद दाखवायला नकार देतो, आणि दुसरी पाटी: ‘१७१२, मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका कान्होजींनी पकडली.’

आजची वस्तू फक्त मांडणीत आणायची, घटनेत नाही. नाका, रांग, शिक्का चालेल. पण कान्होजींनी मोबाइलवरून आरमार बोलावलं की लढाई का जिंकली याचं कारणच बदलतं, आणि परीक्षेत नाही तरी डोक्यात तेच राहतं. विनोद सत्तेवर, कागदपत्रांवर, ऐटीवर करावा. जात, धर्म किंवा कैद्यांचे हाल यांवर मुळीच नको.

सगळ्यात अवघड असतात गावाच्या लाडक्या कथा. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी इथून हेलियम शोधला. ग्रहण खरं आहे, पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. गुंटूरहून ते ग्रहण पाहिलं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये पाहिली. हे प्रहसनात घ्यायला हवंच, कारण कथा खोडली तरी हसू टिकतं: वाटाड्या रंगात येऊन सांगतोय आणि संकासुर मागे पाटीची दुसरी, लाल बाजू धरून उभा. मात्र नुसतं ‘चुकीचं’ लिहून सोडू नये. गुंटूर, इंग्लंड आणि दोन्ही महिने त्याच पाटीवर हवेत, नाहीतर पालक म्हणतात गावाची टिंगल केली.

पाटीवरही कष्ट घ्यावे लागतात. दोन फूट बाय दीड फूट, आणि मुख्य शब्दाची अक्षरं चार इंच, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नाहीत. साधा पुठ्ठा खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात दुमडतो, म्हणून पातळ प्लायवूड बांबूच्या काठीला दोन ठिकाणी बांधावं. पाटी वर गेल्यावर बाकीच्यांनी मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहायचं. टांगलेल्या एकाच माइकवर हशा आणि संवाद एकदम आले तर नेमका संवादच बुडतो. तालमीत मुलं हा थांबा हमखास खातात. म्हणून संहितेतच तिथे ‘थांबा’ लिहावं, आणि लाल पेनने.