पोपडे बघायचं तिकीट

पैसे मोजून भिंतीचे पोपडे बघायला माणसं येतात, तीही पोराबाळांसकट, हे काल्क ॲबीत शिरेपर्यंत माझ्या गावी नव्हतं. चॅट्सवर्थच्या महालात गेलो तेव्हा तुम्ही फोटो मागून मागून मला हैराण केलं होतं. इथले पाठवले तर म्हणाल, पोरीने आपल्याच गल्लीतलं पडकं घर टिपलंय.

इंग्लंडमधल्या डर्बीच्या दक्षिणेला टिकनल गावाशेजारी हे घर आहे. १७०१ ते १७०४ मध्ये बांधलेलं, हार्पर क्रू घराण्याचं. एकापेक्षा एक घुमी माणसं. त्यातल्या सर व्हॉन्सीला पेंढा भरलेले पक्षी, अंडी, शिंगं जमवायचा नाद. आवारात मोटार येऊ द्यायचा नाही. तो १९२४ मध्ये गेला, पण घरात वीज यायला १९६२ उजाडलं. खोली सामानाने भरली की दार ओढून घ्यायचं आणि दुसरीत जायचं, असा कारभार. १९८१ मध्ये मालक अचानक वारला, वारसाकराचा आकडा झेपेना, आणि १९८५ मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात गेलं.

ट्रस्टने काय करावं? छपराची गळती थांबवली, भिंती सावरल्या आणि आत जे जसं होतं तसं ठेवून दिलं. ठरवून. वॉलपेपर लोंबतोय, लोंबू दे. रंगाचा पोपडा सुटला तर तो गळून पडू नये म्हणून सांभाळतात, वरून नवा हात मात्र मारत नाहीत. खोल्यांमधून हरणांची डोकी, खेळणी, ट्रंका, कशावर काय पडलंय याला ताळमेळ नाही. ताब्यात घेताना पेटाऱ्यातून एका पलंगाचे चिनी रेशमी पडदे निघाले, अठराव्या शतकातले, बहुधा कधी टांगलेच नव्हते. उजेड न लागल्यामुळे भरतकामाचे रंग अजून टवटवीत आहेत. ते तेवढे काचेमागे मंद दिव्यात ठेवलेत.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडलं ते खुर्चीवरचं बोंड. इथल्या जुन्या घरांतून खुर्च्यांवर ‘बसू नये’ अशी पाटी नसते. गादीच्या मधोमध टीझल नावाच्या झाडाचं वाळकं काटेरी बोंड ठेवलेलं असतं. कुठे पाइनचं फळ. बस्स. अंगठ्याएवढं, तपकिरी, कडेला बारीक काट्यांची झालर. कुणी ओरडत नाही, शिट्टी नाही, दोरी नाही. बसायचं तर बस बाई, असं ते बोंड म्हणतं आणि आपण बसत नाही. खोलीत कोपऱ्यात एक निवृत्त आजी किंवा आजोबा असतात, बिनपगारी, गळ्यात ओळखपत्र. तुम्ही काही विचारलं नाही तर ते गप्प. विचारलंत तर अर्धा तास कुठे गेला कळत नाही. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात बाण कोरणाऱ्यांसाठी कुठलं बोंड ठेवावं, याचा मी तिथे उभी राहून बराच विचार केला.

अर्थात कौतुक करताना थोडं थांबावं. पावसाळी रविवारी सिंहगडावर जेवढी माणसं चढतात तेवढी काल्कच्या जिन्यावर सोडा आणि मग दाखवा तुमचं बोंड. आणि याच घराच्या बागेत एक भुयार आहे, माळी ये-जा करताना मालकमंडळींच्या नजरेला पडू नयेत म्हणून बांधलेलं. त्यातून आता आपण हौसेने चालतो. पोरं आरोळ्या देतात. आमच्याकडे शिवाशिव होती, ती लाज मला कुणी शिकवायला नको. पण जमिनीखालून माणसं चालवणाऱ्यांकडून सभ्यतेचे धडे घेताना मी जरा सावकाश घेते.

अण्णा आणि आई तेव्हा आलेले होते. अण्णांचा जन्म केळीच्या बागेत गेला. त्यांनी पोपडे, हरणं, बोंडं काही पाहिलं नाही. खोलीतल्या आजोबांना त्यांनी माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला, “भाऊ किती होते याले?”

आजोबा खुलले. भाऊ, बहिणी कितीही असोत, घर आणि जमीन थोरल्याकडे. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं. मुलींना लग्नात काय ते. वाटणी हा प्रकार नाही.

“मंग टिकीनच ना घर,” अण्णा म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

सावद्याचा आमचा वाडा तुमच्यापैकी काहींनी पाहिलाय. सागाचे खांब, धाब्याचं छप्पर, दरवर्षी मृगाच्या आधी वर खारी माती टाकायची. आजोबांचे तीन भाऊ, पुढे सात चुलते, आत्यांच्या सह्या वेगळ्या. एकाच्या वाट्याला ओसरी, एकाला जिना, एकाला नुसताच जिन्याखालचा अंधार. माती कुणी टाकायची यावरून दोन वर्षं टाकलीच नाही, आणि मग टाकून उपयोग नव्हता. २००९ मध्ये पाडला. खांब व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेले. मला वाटतं बरोबरच केलं. सात घरांना सात संडास मिळाले, माझ्या फीचे पैसे त्यातूनच गेले, आणि ती फी भरली गेली म्हणून आज डर्बीत बसून मी वारसा या विषयावर तुम्हाला अक्कल शिकवू शकते. सातही जणांना सारखा हिस्सा मिळाला, तो न्याय होता. इथल्यासारखं थोरल्या काकांना सगळं दिलं असतं तर वाडा उभा असता आणि आम्ही भुयारातून गेलो असतो.

हे सगळं मी अण्णांना बोलून दाखवलं नाही. ते बाहेर उद्यानात झाडांकडे बघत होते. काल्कचं हे उद्यान राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. हजार वर्षांहून जुना एक ओक आहे, खोड पोकळ, बुंधा गाठीगाठींचा, वर मात्र हिरवा. आणि सगळीकडे पडलेली झाडं, मोडलेल्या फांद्या, तशाच. उचलायच्या नाहीत. कुजत्या लाकडात वाढणारे दुर्मीळ भुंगेरे इथे आहेत, त्यांच्यासाठी ती पसरलेली. अण्णांच्या शेतात घड कापला की खोड आडवं होतं, पिलाला जागा मिळते, पुढचा हंगाम सुरू. एका पडलेल्या ओकाला त्यांनी चपलेने हळूच ढोसून पाहिलं. “किती ट्रॉल्या होतील?” असं म्हणाले, पण स्वतःशीच.

पुढच्या शनिवारी केडल्स्टन हॉल. डर्बीपासून जवळ, आणि पोपड्यांचं नावही नाही. वास्तुकार रॉबर्ट ॲडमने सजवलेला, अलाबास्टर दगडाच्या खांबांचा दिवाणखाना, आरशासारखी फरशी. हे लॉर्ड कर्झनचं घर. कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) याच्यावरून बेतलेलं. तोच कर्झन, ज्याने १९०५ मध्ये बंगाल तोडला आणि त्याआधी १९०४ मध्ये आपल्या जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याला शिव्या द्याव्यात की कायद्यासाठी आभार मानावेत, हे ठरवत मी त्याच्या संग्रहालयातून फिरले. आपल्याकडून आणलेली हस्तिदंत, शस्त्रं, भेटवस्तू. भेटी कशा आणि का मिळतात हे ज्याने राज्य केलं त्यालाच विचारावं.

आई थांबली ती लेडी कर्झनच्या झग्यापाशी. १९०३ च्या दिल्ली दरबारातला, मोरपिसांच्या नक्षीचा, जरीने भरगच्च. भरतकाम आपल्याकडच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसची. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवा चमकणारा भुंगेऱ्याचा पंख. वजन साडेचार किलोच्या आसपास. आईने काचेला नाक लावून जरीची कड पाहिली, मग तिथल्या बाईंना विचारायला लावलं की जर काळी का पडली. बाई दिव्यांबद्दल, हवेतल्या ओलाव्याबद्दल बोलल्या. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“ते ठीक आहे,” ती मला म्हणाली, “पण यांना सांग, कधी कपाटात ठेवलाच तर मऊ सुती कापडात गुंडाळा, सहा महिन्यांनी घडी बदला, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.”

बाईंनी मान डोलावली आणि गोळ्यांबद्दल पुन्हा एकदा विचारलं.