क्विन्सी मार्केट, 1:200 : खांब उभे राहिले, पाया मात्र नव्याने

मंडळी, क्विन्सी मार्केट या जुन्या बाजाराच्या इमारतीचं मॉडेल मी 1:200 मापात, म्हणजे खऱ्याच्या दोनशेव्या भागाएवढं, करतेय; त्याच्या मागच्या नोंदीनंतर अडीच महिने गेले. काम थांबलं नव्हतं, पण जुलैच्या हवेनं एक भिंत खाल्ली. बाहेरच्या लांब भिंती माऊंट बोर्डाच्या (जाड पुठ्ठ्याच्या) दोन थरांच्या केल्या होत्या, मध्ये फेविकॉल. आठवडाभराच्या पावसात उत्तरेकडची भिंत धनुष्यासारखी वाकली, मधोमध जवळजवळ चार मिलिमीटर. वजन ठेवून पाहिलं, उलट बाजूनं ओलं करून पाहिलं, दोन दिवस सरळ राहायची आणि पुन्हा वाकायची. शेवटी ती काढून टाकली आणि नवी भिंत 3 मिमी सनबोर्डाची (प्लास्टिकच्या फोमच्या पत्र्याची) केली. आतून पूर्ण लांबीभर ॲल्युमिनियमची एल-पट्टी लावली आहे. आता हलत नाही.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. ही इमारत अमेरिकेतल्या बोस्टनची. 27 एप्रिल 1825 ला कोनशिला बसली आणि 26 ऑगस्ट 1826 ला बाजार उघडला. वास्तुकार अलेक्झांडर पॅरिस. लांबी 535 फूट, रुंदी 50 फूट, दोन मजले, सगळं बाहेरून ग्रॅनाइट. 1:200 मध्ये ती साडेएक्याऐंशी सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटरपेक्षा जरा जास्त रुंद होते. म्हणजे रुंदीच्या जवळजवळ अकरा पट लांबी. एवढी लांबुळकी वस्तू सरळ ठेवणं हीच या मॉडेलची खरी परीक्षा आहे, हे मला भिंत वाकल्यावर कळलं.

आता खांब. दोन्ही टोकांना चार-चार डोरिक (जुन्या ग्रीक धाटणीच्या साध्या, भक्कम) खांबांचा दर्शनी भाग आहे, म्हणजे एकूण आठ. मूळ खांब प्रत्येकी एका अखंड दगडाचे आहेत. मग मॉडेलमध्येही जोड नको, असं मी ठरवलं होतं. बांबूच्या काड्या घेतल्या, पण त्यांचे तंतू उभे सुटतात आणि रंग दिल्यावर रेघा दिसतात. मग 6 मिमीची सागाची गोल दांडी आणली, तुकडे कापले आणि एकेक तुकडा ड्रिल मशीनमध्ये पकडून फिरवत सँडपेपरनं खाली घेतला. खांब पायथ्याशी जाड आणि वर निमुळता होत जातो, तो उतार हातानंच येतो. पायथ्याशी पाच मिलिमीटरच्या थोडं वर, माथ्याशी चारच्या थोडं वर. पहिले पाच फुकट गेले. सहाव्यापासून हात बसला. आधी 120 नंबर, मग 220, शेवटी 400, आणि 400 च्या वेळी मशीन अगदी हळू. आठही खांब शेजारी शेजारी उभे केले तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.

हा बाजार ज्यानं उभारला तो जोसाया क्विन्सी, बोस्टनचा दुसरा महापौर. मॉडेल करता करता या माणसाविषयी जेवढं वाचलं तेवढा तो मला इमारतीत दिसायला लागला, म्हणून या वेळी त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

जन्म 1772, बोस्टनचाच. वडिलांचंही नाव जोसाया. बोस्टन हत्याकांडात, म्हणजे 1770 मध्ये जमावावर झालेल्या गोळीबारात, आरोपी असलेल्या ब्रिटिश सैनिकांचं वकीलपत्र त्यांनी जॉन ॲडम्स (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांच्याबरोबर घेतलं होतं. 1775 मध्ये इंग्लंडहून परतताना, किनारा दिसत असताना जहाजावरच त्यांचा मृत्यू झाला. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. सहाव्या वर्षी त्याला अँडोव्हरच्या शाळेत ठेवलं, तिथून हार्वर्ड, मग वकिली. 1805 ते 1813 तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, होता. 1809 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यावर महाभियोग चालवावा असा ठराव त्यानं मांडला आणि तो 117 विरुद्ध 1 असा पडला. ते एक मत त्याचं स्वतःचं. या माणसाला एकटं उभं राहायची सवय होती, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बोस्टन 1822 पर्यंत कायद्यानं गावच होतं. लोकवस्ती 43,000 च्या वर गेली तरी कारभार गावसभेत, सगळ्या मतदारांना जमवून चालायचा. 1822 मध्ये शहराचा दर्जा मिळाला. पहिला महापौर जॉन फिलिप्स एक वर्ष राहिला. 1823 मध्ये क्विन्सी आला आणि त्यानं सगळी सूत्रं हातात घेतली. नगरपित्यांच्या प्रत्येक समितीचा अध्यक्ष तो स्वतःच. पहाटे घोड्यावर बसून शहरभर फिरायचा, रस्ते, गटारं, घाण स्वतः बघायचा. रस्ते नियमित झाडायची पद्धत लावली. आग विझवायला लोक ओळीनं उभे राहून बादल्या पुढे द्यायचे, तिथे नळ्या आणल्या आणि अग्निशमन दल नव्यानं बांधलं. जुन्या बंबवाल्यांना ते अजिबात रुचलं नाही.

बाजाराचं म्हणाल तर आधीचा बाजार फॅनिल हॉल या जुन्या सभागृहाभोवती होता आणि तिथे गाड्या, टोपल्या, मासळी यांतून वाट काढणं कठीण झालं होतं. क्विन्सीनं ठरवलं की समोरच्या जुन्या गोदीत भर टाकायची आणि त्यावर बाजार बांधायचा. खर्चाच्या भीतीनं विरोध झाला. त्याचा मार्ग मला फार हुशारीचा वाटतो. आजूबाजूची जमीन शहरानं घ्यायची, बाजाराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला दुकानांचे भूखंड पाडून लिलावात विकायचे, आणि अट अशी की घेणाऱ्यानं दर्शनी भाग ठरलेल्या नकाशाप्रमाणे ग्रॅनाइटचाच बांधायचा. म्हणून आजही बाजार आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या रांगा अशा तिन्ही इमारती एका हातच्या वाटतात. त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे बाजाराच्या इमारतीला 1,50,000 डॉलर लागले, सहा नवे रस्ते उघडले, सातवा रुंद झाला, आणि शहरावर कर किंवा कर्ज काहीही चढलं नाही. अधिकृत नाव ठेवलं फॅनिल हॉल मार्केट. लोकांनी क्विन्सीचं नाव दिलं आणि तेच टिकलं.

तर पायाकडे येते. मी आधी साधं 12 मिमी प्लायवुड घेऊन मधोमध इमारत ठेवली होती. दिसायला छान. पण भर टाकल्याचं वाचल्यावर ते बघवेना. 1826 मध्ये पूर्वेच्या खांबांपुढे धक्के होते आणि त्यापुढे पाणी. सपाट प्लायवर हा बाजार म्हणजे कुठल्याही गावातली लांब इमारत. समुद्रातून काढलेली जमीन दिसली नाही तर महापौराचं निम्मं काम मॉडेलमधून गळतं. म्हणून पूर्वेकडचा भाग कापला, दोन सेंटिमीटर खाली नवी फळी बसवली आणि धक्क्याच्या भिंतीला माऊंट बोर्डाचे दगड एकेक चिकटवतेय. रोज साधारण चाळीस. रस्ते मात्र नेमके मापात घेतलेत: उत्तरेचा 65 फूट, दक्षिणेचा 102 फूट, म्हणजे मॉडेलवर सुमारे 10 आणि साडेपंधरा सेंटिमीटर. दक्षिणेचा रस्ता एवढा रुंद असेल असं फोटोंवरून वाटलं नव्हतं.

सगळंच कौतुकाचं नाही. 1826 मध्ये बोस्टननं मुलींसाठी हायस्कूल काढलं. इतक्या मुली आल्या की खर्च झेपणार नाही असं म्हणत क्विन्सीनं ते 1828 मध्ये बंद करायला लावलं. ज्यानं बाजारासाठी समुद्र बुजवला, त्याला वर्गखोल्यांसाठी पैसा उभा करता येत नव्हता, हे मला पटत नाही. मी मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे हे जास्तच लागलं. बंबवाले आणि पालक दोघांचा राग डिसेंबर 1828 च्या निवडणुकीत निघाला. दोन फेऱ्यांत त्याला बहुमत मिळालं नाही आणि त्यानं माघार घेतली. लगेच पुढच्या वर्षी तो हार्वर्डचा अध्यक्ष झाला, 1845 पर्यंत. विद्यापीठाचा इतिहास लिहिताना जुन्या कागदांत त्याला 1643 चं ‘वेरितास’ (लॅटिनमध्ये ‘सत्य’) लिहिलेल्या ढालीचं रेखाटन सापडलं, तेच पुढे हार्वर्डचं चिन्ह झालं. 1864 मध्ये, 92 व्या वर्षी तो गेला. त्याचा मुलगा आणि पणतूही बोस्टनचे महापौर झाले.

इमारतीच्या मधोमधचा घुमट अजून व्हायचा आहे. आज त्यावर तांब्याचा पत्रा आहे. प्लास्टिकचा अर्धा चेंडू घासून पाहिला, आकार जरा उंच येतो. आता लाकडी साच्यावर ओला कागद थर देऊन करणार आहे, त्यावर तांब्याची चिकटपट्टी.

ग्रॅनाइटच्या रंगासाठी करडा प्रायमर, त्यावर स्पंजनं पांढरा आणि काळा असे ठिपके दिले. खांबांवर जमलं. भिंतीवर ठिपके मोठे दिसतात, जुन्या टूथब्रशनं उडवून पाहणार आहे.

एक विचारायचं होतं. धक्क्यापुढच्या पाण्यासाठी इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रेझिन) ओतावं की जलरंगावर चकाकीच्या वार्निशचे थर द्यावेत? जागा 40 बाय 9 सेंटिमीटर आहे आणि कडेला माऊंट बोर्ड असल्यामुळे इपॉक्सी झिरपायची भीती वाटते. ज्यांनी बंदराचे देखावे केलेत त्यांनी कृपया सांगा. तोवर मी दगड चिकटवते, अजून सहाशे आहेत.