दुसरी किल्ली

महिनाअखेर, रात्र

डोकं ठणकतंय, पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

पावणेसात वाजून गेले तरी डे-एंड, म्हणजे बँकेचा दिवसाचा हिशेब बंद करणं, अडलेलं. माझ्याकडे पासिंगला, म्हणजे तपासून मंजूर करायला, अकरा एंट्र्या. दहा भराभर उरकल्या. अकरावी विमा पॉलिसीची, एका वयस्कर बाईंच्या नावावर. या बाई सकाळी एफडीचं नूतनीकरण करायला आल्या होत्या. मला नीट आठवत होत्या, कारण त्यांनी पावती दोनदा मागून घेतली आणि चष्मा काढून, डोळ्यांशी धरून वाचली. विम्याचं अवाक्षरही काढलं नव्हतं. फॉर्मवर सही होती, रकाने सगळे भरलेले. टिकमार्क मात्र एकाच पेनाचे, एका दमात ओढलेले, सगळे उजवीकडे कललेले. मग मोबाइल नंबर बघितला. शेवटचे चार आकडे ओळखीचे वाटले. शाखेच्या ग्रुपवर रोज दिसणारा नंबर. जिने एंट्री टाकली, तिचाच.

म्हणजे ओटीपी तिच्या फोनवर आला, तिनेच टाकला. बाईंना काही कळायचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "ती एक राहिलीय ना, करून टाका. साडेसातला रिव्ह्यू कॉल आहे, आपला आकडा एकाने कमी पडतोय."

म्हटलं, "सर, आधी ग्राहकाशी बोलायचंय."

"उद्या बोला. आज पास करा."

मी एंट्री परत पाठवली. परत पाठवताना सिस्टीम कारण विचारते. लिहिलं, 'मोबाइल नंबर ग्राहकाचा नाही.' चारच शब्द, पण टाइप करताना बोटं गार पडली होती. काचेच्या पलीकडे ती मान खाली घालून बसली होती. पंचवीसही पूर्ण नाहीत तिला. नोकरी कायम व्हायला अजून चार महिने आहेत, आणि ते चार महिने ती रोज मोजते.

मी बँकेत लागले तेव्हा हेड कॅशियरनी पहिल्या आठवड्यात स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दाखवल्या होत्या. दोन किल्ल्या, दोन माणसं, एकट्याने दार उघडतच नाही. "दुसरा म्हणेल, तुम्ही बसा, मी आणतो. तरी आपली किल्ली द्यायची नाही. आपण उठायचं," असं बजावलं होतं. तेव्हा वाटलं, केवढा हा अविश्वास! पुढे कळत गेलं की दुसरा माणूस पहिल्याच्या आधारासाठीही असतो. कोणी दमदाटी केली, कोणी गळ घातली, तर पहिल्याला म्हणता येतं, 'माझ्या एकट्याच्या हातात नाही.' मेकर-चेकरचं तेच आहे. एकाने टाकायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. १९९५ मध्ये ब्रिटनची बेअरिंग्ज बँक बुडाली ती याच जागी. १७६२ पासूनची बँक. सिंगापूरमध्ये सौदे करणारा आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवणारं खातं बघणारा माणूस एकच होता. ८२ कोटी ७० लाख पौंडांचा खड्डा पडला आणि शेवटी बँक एका पौंडाला विकली गेली.

नियम आमच्याकडेही आहेत, भरपूर आहेत. पण दुसरी किल्ली कधी हातातून जाते ते कळतही नाही. कोणी रजेवर जाताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवतं. कोणी म्हणतं, "मी बघितलंय हो, तुम्ही फक्त क्लिक करा." सकाळच्या मीटिंगमध्ये उभं करून प्रत्येकाला विचारतात, आज किती आणणार? आकडा सांगेपर्यंत बसता येत नाही. संध्याकाळी तोच आकडा नावासकट ग्रुपवर. ज्याचा आकडा लाल, त्याच्याशी त्या दिवशी कोणी फारसं बोलत नाही. हे कुठल्या परिपत्रकात नाही. पण नव्या मुलांना पहिल्या पंधरवड्यात कळतं, ते हेच. ट्रेनिंगमधलं बाकी सगळं नंतर.

आणि मी काही वेगळी नाही. आठ वर्षांपूर्वी मीही एक पास केली आहे. कार्डाचा अर्ज होता, फॉर्मवरची सही खात्यावरच्या सहीशी जुळत नव्हती. वरिष्ठ शेजारी उभे होते, म्हणाले, माझ्या ओळखीतले आहेत. मी क्लिक केलं. पुढे काही झालं नाही, तक्रार आली नाही, ऑडिटमध्येही निघालं नाही. तरी त्या सहीतला 'र' मला आजही दिसतो, खात्यावर गाठ मारलेला आणि फॉर्मवर सरळ.

दुसरा दिवस, पहाटे

झोप लागली नाही. रात्रभर एकच विचार. नियमाप्रमाणे मला हे कळवायला हवं. पण कळवलं तर जाणार कोण? ती जाणार.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण बाहेर आलं २०१६ च्या सप्टेंबरमध्ये. आम्ही सगळ्यांनीच वाचलं होतं. एकेका कुटुंबाला बँकेच्या आठ गोष्टी विकायच्या, असं तिथे वरून ठरलेलं. लोकांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली, खोटे ईमेल पत्ते टाकले, परस्पर पिन तयार केले. आधी २० लाख संशयास्पद खाती सांगितली, पुढच्या वर्षी तो आकडा ३५ लाखांवर गेला. दंड १८ कोटी ५० लाख डॉलरचा. पण माझ्या मनातून जात नाही तो दुसराच आकडा. त्याआधीच्या पाच वर्षांत बँकेने सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं. पाच वर्षं! म्हणजे कळत होतं. दर वर्षी माणसं धरली जात होती, घरी पाठवली जात होती, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना तेच टार्गेट दिलं जात होतं. मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं, त्यांचे ४ कोटी १० लाख डॉलरचे शेअरही गेले, पण ते सगळं गवगवा झाल्यावर. आणि ज्यांनी आतून आवाज उठवला त्यांचं काय झालं? एका मॅनेजरने वरिष्ठांना सांगितलं, बँकेच्या तक्रारीच्या फोनलाइनवरही कळवलं, आणि त्याचीच नोकरी गेली. त्याला परत घ्या आणि ५४ लाख डॉलर द्या, असा आदेश सरकारी यंत्रणेने २०१७ मध्ये काढला. मधली वर्षं त्या माणसाने कशी काढली असतील!

बँकवाले मुळातच असे, म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग आला होता. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेतल्या १२८ जणांनी दहा-दहा वेळा नाणं उडवायचं आणि काय पडलं ते स्वतःच सांगायचं. ठरलेली बाजू पडली की पैसे. निम्म्याला निम्मं पडायला हवं. ज्यांना आधी इकडतिकडचे प्रश्न विचारले, त्यांनी ५१.६ टक्के वेळा जिंकल्याचं सांगितलं. ज्यांना नोकरीबद्दल विचारून आपण बँकवाले आहोत याची आठवण करून दिली, त्यांनी ५८.२ टक्के. माणसं तशीच, फक्त ऑफिस डोक्यात आलं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी इतर भागांतल्या बँकांत तेच करून पाहिलं, तिथे असा फरक आढळला नाही. मला यातून एवढंच समजतं की हे धंद्याच्या रक्तात नाही. त्या-त्या ऑफिसमध्ये रोज काय बोललं जातं आणि काय ऐकून सोडलं जातं, त्यावर ते ठरत असावं. म्हणजे आमच्या शाखेत ते आम्हीच घडवलंय. त्या मुलीने पहिल्या महिन्यात मला विचारलं होतं, "मॅडम, असं करतात का सगळे?" मी म्हणाले होते, "सांभाळून कर."

सांभाळून कर! नको म्हणायला हवं होतं, तिथे मी हे म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सकाळी मीटिंगआधी तिला आत बोलावलं. रडली नाही, सबबीही सांगितल्या नाहीत. म्हणाली, "ग्रुपवरचा नऊचा मेसेज वाचला आणि काही सुचेनासं झालं." दोघींनी मिळून बाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, "मला फक्त एफडी करायची होती. सही कुठे करू विचारलं, त्यांनी दाखवलं तिथे केली." मी माफी मागितली. मग तीही बोलली, स्वतःचं नाव सांगून बोलली. बाई गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. पावती तेवढी घरी पाठवा."

दुपारभर मेल लिहीत होते, कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला. दोनदा पुसून लिहिला. फक्त ही एक एंट्री कळवायची नाही, हे ठरलं. सकाळी उभं करून विचारणं, ग्रुपवरचे लाल आकडे, "आज पास करा" हा फोन, पासवर्डच्या चिठ्ठ्या, सगळं तारखांसकट घातलं. कार्डाचा तो अर्जही घातला, माझ्या नावाने. याचा माझ्या अप्रेझलवर काय परिणाम होईल ते मला माहीत आहे. बदली होईल, कदाचित त्याहून वाईटही.

पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. तिने खुर्ची ओढली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"माझं नाव आहे यात."

"आहे. माझंही आहे."

ती परत वर गेली, दुसऱ्या परिच्छेदात थांबली. "मॅडम, तो मेसेज नऊला नव्हता आला. नऊ बारा." फोन काढून दाखवला.

मी वेळ दुरुस्त केली. तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला, मग मान हलवली, आणि मी पाठवला.