सात मीटर चाळीसवर मूळ

गेल्या पावसाळ्यात आषाढात दोनदा आणि श्रावणात एकदा आमच्या खालच्या मोरीत पाणी उलटलं. वर सुनेच्या मशीननं कपड्यांचं पाणी सोडलं की पाचेक मिनिटांत खालच्या जाळीतून बुडबुडे यायचे आणि मागोमाग काळं पाणी. खाली सासूबाई राहतात, वय 84. तिसऱ्या वेळी त्या अंघोळीला पाटावर बसल्या होत्या. पाणी पावलांना लागलं तेव्हा त्यांनी हाकसुद्धा मारली नाही, पाय वर घेऊन तशाच बसून राहिल्या. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "सुनबाई, आधी देवघराकडचं दार लाव." तो दिवस मी विसरणार नाही.

वरचं पाणी सोडल्यावर खालची मोरी उलटत असेल तर दोष मोरीत नसतो, पुढच्या मोठ्या लाइनमध्ये असतो. हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही दोन महिने मोरीतच ॲसिड ओतत होतो.

पहिला मिस्त्री बांबूची खपच्ची, म्हणजे लांब लवचीक पट्टी, घेऊन आला. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. चेंबरचं झाकण काढल्याबरोबर तो चपला काढून आत उतरायला लागला. मी त्याला दंडाला धरून वर घेतलं. चेंबर चारच फूट खोल, पण कुजलेल्या अंड्यासारखा वास येत होता आणि हा वायू फार साचला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो. माणूस समजतो वास गेला, आणि तिथेच कोसळतो. गटारात, सेप्टिक टँकमध्ये बिनसाधनांचं माणूस उतरवायला 2013 पासून कायद्यानं बंदी आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. आपल्या घरच्या चार फुटी चेंबरमध्येसुद्धा कुणाचं लेकरू उतरवू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

त्या मिस्त्रीनं खपच्ची घातली, पाणी गेलं, आठ दिवसांनी पुन्हा तुंबलं. मग त्यानं हिशेब सांगितला: पोर्चच्या फरशा उचलून पूर्ण लाइन बदलायची, नव्वद हजार. "और गूलर तो हटाना ही पड़ेगा, आंटी."

गूलर म्हणजे आमचा उंबर. मामंजींनी 1979 मध्ये इंदूरच्या लोकमान्य नगरात हे घर बांधलं, त्यानंतर दोन वर्षांनी कंपाउंडच्या भिंतीलगत तो आपोआप उगवला. त्यांनी त्याला पार बांधला, पादुका बसवल्या. दर गुरुवारी तिथे दिवा लागतो. झाड तोडायचं म्हटल्यावर हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मुलाच्या ऑफिसमधल्या कुणीतरी पाइपच्या आत घालायच्या कॅमेऱ्याचं सुचवलं. तपासायचे अडीच हजार. मुलगा म्हणाला, "खोदण्याआधी बघू तरी."

आलेल्या माणसानं आधी प्रेशरच्या पाण्यानं लाइन धुतली. हे आवर्जून करायला सांगा, कारण साचलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला नुसता गढूळपणा दिसतो. मग मोठ्या रिळावरची ताठ वायर चेंबरमधून आत सरकवली. टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा, भोवती बारीक दिव्यांचं कडं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मीटरचा आकडा पुढे सरकत होता. आत जुन्या स्टोनवेअर पाइपचा तपकिरी चकचकीत लेप दिसला, अगदी लोणच्याच्या बरणीसारखा. दर दोन फुटांवर जोडाची एक गोल रेघ. चार मीटरवर बारीक तडा. आणि सात मीटर चाळीसवर वरच्या जोडातून मुळांचा झुपका लोंबत होता, नारळाच्या शेंडीसारखा. त्यात केस, पोतेऱ्याची चिंधी आणि गोठून पांढरं झालेलं तेल. ते तेल आमचंच, स्वयंपाकघरातलं. त्या दिवसापासून कढई आधी कागदानं पुसते.

हे म्हणाले, "म्हणजे झाडच." त्या माणसानं वायर थांबवून जोड नीट दाखवला. दोन पाइप एका रेषेत नव्हते, पुढचा अर्धा इंच खाली बसला होता. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात आक्रसून तिला भेगा पडतात. इतकी वर्षं दरसाल अशी उलथापालथ झाली की सिमेंटचे जोड सुटणारच. सुटलेल्या जोडातून ओल झिरपते आणि मूळ ओलीकडे जातं. फट आधी पडली, मूळ नंतर आलं. ह्यांचा चेहरा तेव्हा उजळला.

पुढचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं. कॅमेऱ्याच्या टोकातून सिग्नल निघतो. तो पकडणारं यंत्र घेऊन तो माणूस पोर्चमध्ये फिरला आणि फरशीवर खडूनं फुली मारली. खोली अडीच फूट. नुसतं "आत कुठेतरी मूळ आहे" एवढं ऐकून पैसे देऊ नका. फुली मारून घ्या आणि रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवता येतं.

फुलीच्या दोन्ही बाजूंना मिळून सहाच फूट खोदलं. तीन पाइप काढले, मुळं हातकरवतीनं कापली, खाली वाळू टाकून रबर रिंगचा सहा इंची पीव्हीसी बसवला. उताराची जुनी रीत साठ फुटांना एक फूट, तीच लेव्हल पाइपनं धरली. चार मीटरवरचा तडा तूर्त तसाच ठेवलाय. शेवटी पुन्हा कॅमेरा घातला. दहाव्या मीटरपुढे पाइपला थोडं पोट पडलंय, तिथे अर्धा स्क्रीन पाण्यात जातो. ते धुऊन सुटणारं नाही, कधीतरी तेही उचलावं लागेल. सगळं मिळून एकोणीस हजार झाले.

इंदूरच्या स्वच्छतेचा मला फार अभिमान आहे. 2021 मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, आपलं झालं, तेव्हा मी पेढे वाटले होते. पण फाटकाच्या आतली लाइन आपली, ती आपणच बघायची.

उंबर आहे तिथेच आहे. मुळं पुन्हा वाट शोधतील, म्हणून दर ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, कॅमेरा घालायचं ठरवलंय. यंदा घातला, नवे जोड कोरडे होते. मुलानं भिंतीवर, पादुकांपासून हातभर अंतरावर, लाल ऑइलपेंटनं 7.40 लिहून ठेवलंय. सासूबाई दिवा लावताना आधी त्या आकड्याकडे बघतात.