इम्युनोथेरपीच्या आधी ब्लॉक तपासा

मामांच्या मोठ्या आतड्यातला कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला आहे हे कळले, त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने जमीन विकून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशींना कर्करोगाशी लढायला मोकळे करणारे औषध, द्यायचे ठरवले होते. डॉक्टरांनी मात्र आधी बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढून मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागितला. जिथे बायोप्सी झाली होती त्या रुग्णालयाने तो द्यायला अकरा दिवस लावले, आणि ते दिवस आम्हाला फार जड गेले.

त्या ब्लॉकवर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिने शाबूत आहेत का, हे पाहायचे होते. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत होणाऱ्या चुका ही प्रथिने दुरुस्त करतात. त्यांतले एखादे नाहीसे झाले की चुका साचत जातात आणि गाठीतल्या पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना परक्या म्हणून ओळखू येतात. पीडी-१ हा त्या संरक्षक पेशींवरचा लगाम असून कर्करोग तो ओढून धरतो आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारखे इम्युनोथेरपीचे औषध तो सोडवते. असा दोष असलेल्या ३०७ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-१७७ चाचणीत या औषधावर आजार मध्यक हिशेबाने १६.५ महिने आटोक्यात राहिला, तर केमोवर ८.२ महिने. त्यातही औषध मिळालेल्या सुमारे २९ टक्के रुग्णांचा आजार त्याला दाद न देता वाढतच गेला, हे नातेवाइकांना कोणीतरी आधी सांगायला हवे असे मला तळमळीने वाटते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग दूरवर पसरलेल्या शंभर रुग्णांत हा दोष जेमतेम चार-पाच जणांत सापडतो. तो नसेल, तर एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबकडून फारशी आशा नसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १८ रुग्णांपैकी एकाचीही गाठ आकसली नव्हती. शिवाय लगाम सुटलेल्या पेशी थायरॉइड, फुप्फुसे, यकृत अशा निरोगी अवयवांवरही उलटू शकतात.

मामांची चारही प्रथिने शाबूत निघाली. "म्हणजे आता काहीच करायचे नाही का?" असे मामेभावाने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला समोर बसवून केमोचे वेळापत्रक शांतपणे समजावले. मामा त्यानंतर चौदा महिने होते, आणि त्यांपैकी बरेच महिने त्याच शेतावरच्या घरात, आमच्यात बसून जेवत होते.