आमची वाटचाल : आधी बॉर्डर, मग ब्लॉक

क्विल्टचे, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसारख्या पांघरुणाचे, आराखडे करून देण्याचा आमचा व्यवसाय दोन माणसांनी एका संगणकावर सुरू केला. मी पूर्वी छपाईसाठी पानांची मांडणी करत असे आणि माझ्या भागीदार अनेक वर्षे शिवणकाम शिकवत होत्या. त्या चौकटीच्या वहीत ब्लॉक, म्हणजे क्विल्टमध्ये पुन्हा पुन्हा येणारे नक्षीचे चौकोन, काढत, रंगीत पेन्सिलींनी रंगवत आणि एखादा रंग मनास आला नाही की नवे पान घेऊन पहिल्यापासून सुरुवात करत. हेच काम संगणकावर लवकर होईल, एवढ्याच विचाराने आम्ही एकत्र आलो. क्विल्टसाठीची खास सॉफ्टवेअर तेव्हा काही नवी नव्हती; ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’ हे नाव या क्षेत्रात १९९१ पासून आहे. हाती भांडवल नसल्याने आम्ही मात्र इंकस्केप या मोफत मिळणाऱ्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केले आणि जे हिशेब खास सॉफ्टवेअर मुकाट्याने करून टाकते, ते सगळे आम्हाला स्वतः मांडावे लागले. आज मागे वळून पाहता ती आमची अडचण नव्हे, शिकवणीच होती असे मला वाटते.

पहिले काही महिने आम्ही नुसते चित्रांच्या नादात होतो. लॉग कॅबिन हा ब्लॉक घ्या : मधल्या लहान चौकोनाभोवती पट्ट्या लावत नेलेला, कर्णाच्या एका बाजूला फिकट आणि दुसऱ्या बाजूला गडद. असा एकच ब्लॉक चार दिशांनी फिरवता येतो, म्हणून ४ गुणिले ४ अशा १६ ब्लॉकच्या लहानशा मांडणीतही ४,२९,४९,६७,२९६ रचना संभवतात. वहीत त्यांतल्या चार-पाच काढून होईपर्यंत दिवस मावळे. इंकस्केपमध्ये मूळ ब्लॉकच्या प्रतिकृती पसरल्या, की मुळात एका पट्टीचा रंग बदलताच सर्व प्रती बदलत आणि शेजारच्या ब्लॉकच्या गडद बाजू एकमेकींना मिळून पडद्यावर अकस्मात हिऱ्यांचे आकार किंवा तिरक्या नांगरटीसारख्या रेषा उमटत. आम्ही अशा शेकडो रचना साठवल्या आणि विकल्या मात्र फार थोड्या, कारण चित्र विकत घेणारे कोणी नसते. घेणाऱ्याला कापता आणि शिवता येईल असे माप हवे असते.

हे आम्हाला एका तक्रारीने शिकवले. आमच्या सुरुवातीच्या एका आराखड्यात तीन गुणिले तीन चौकोनांचा ब्लॉक होता आणि आकडा सुटसुटीत दिसावा म्हणून मी तो शिवून झाल्यावर १० इंच भरेल असा धरला होता. शिवणीत आत जाणारे कापड, म्हणजे माया, या कामात प्रत्येक कडेला पाव इंच धरतात. त्यानुसार प्रत्येक चौकोन ३.८३ इंचांचा कापायला हवा होता. हातातल्या पट्टीवर अष्टमांशाच्या खुणा असतात, म्हणून आमच्या तक्त्याने तो आकडा ३ ७/८ असा वर ढकलला. फरक केसाएवढा होता, पण तीन चौकोनांत तो १/८ इंच झाला आणि आठ ब्लॉकच्या ओळीत भरून पूर्ण एक इंच झाला. ब्लॉकभोवतीची बॉर्डर मात्र आम्ही बिनचूक ८० इंचांची दिली होती. शिवणाऱ्या बाईंनी ब्लॉक तीन वेळा उसवून पाहिले, स्वतःच्या हाताला दोष दिला आणि मग आम्हाला कळवले. त्यांचा हात अगदी नेमका होता. माप आमचे चुकले होते.

तेव्हापासून ब्लॉकचा आकार आधी ठरवून त्यात नक्षी कोंबण्याची पद्धत आम्ही सोडून दिली. एका बाजूला तीन किंवा चार घरे, म्हणजे लहान चौकोन, असलेल्या ब्लॉकला १२ इंच शोभतात. सात घरांच्या ‘बेअर्स पॉ’ (अस्वलाचा पंजा) या ब्लॉकला १२ इंच दिले तर मापांची लक्तरे होतात आणि तोच १४ किंवा साडेदहा इंचांचा केला की प्रत्येक घर दोन किंवा दीड इंचांचे सरळ येते. त्रिकोणांचे गणित याहून थोडे खोल आहे. एक चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करायचे असतील, तर तयार मापात ७/८ इंच मिळवतात. हा आकडा परंपरेने चालत आला असला तरी त्याचे कारण साधे आहे : तिरक्या कडेवरच्या पाव इंच मायेसाठी सरळ बाजूवर जास्त कापड लागते, हिशेब ०.८५ इंचांच्या आसपास येतो आणि तो पट्टीवर मोजता यावा म्हणून ७/८ धरतात. चौकोनाचे दोन्ही कर्णांवर चार त्रिकोण करायचे असल्यास सव्वा इंच मिळवावा लागतो. सॉफ्टवेअर हे आपोआप करते, पण आपोआप झालेले तपासायचे कसे हे ज्याला ठाऊक नाही त्याने आराखडे विकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे खरे नाव झाले ते बॉर्डरमुळे. पुष्कळ आराखड्यांत बॉर्डर म्हणजे शेवटी लावलेली साधी पट्टी असते आणि त्याचे कारण आवड नसून भागाकार असतो. १२ इंचांचे ब्लॉक कोपऱ्यावर उभे केले, तर प्रत्येकाचा कर्ण १६.९७ इंच भरतो. चार ब्लॉक रुंद आणि पाच लांब अशा मांडणीचा मधला भाग ६७.८८ गुणिले ८४.८५ इंच होतो. त्याला तीन इंची चौकोनांची बॉर्डर कोणत्याच बाजूने बसत नाही. म्हणून मध्ये एक साधी पट्टी घालून आतला भाग तीनच्या पटीत आणावा लागतो. आम्ही तो प्रथम ७२ गुणिले ९० केला, म्हणजे बाजूंना २४ आणि ३० चौकोन. पडद्यावर फिकट-गडद चौकोन आळीपाळीने भरल्यावर लक्षात आले की संख्या सम असल्यामुळे शेजारशेजारचे कोपरे एक फिकट आणि एक गडद असे येत आहेत. चारही कोपरे एकाच रंगाचे हवे असतील तर विषम संख्या हवी. तेव्हा २५ आणि ३१ चौकोन घेतले, आतला भाग ७५ गुणिले ९३ झाला आणि साधी पट्टी दोन बाजूंना ३.५६ व उरलेल्या दोन बाजूंना ४.०७ इंच ठेवली. हा अर्ध्या इंचाचा फरक आजवर एकाही ग्राहकाने ओळखलेला नाही; कोपऱ्यातला चुकीचा रंग मात्र दाराशी उभ्या माणसालाही दिसला असता.

अशा मांडणीत कडेच्या रिकाम्या जागा भरणारे त्रिकोणही विचारपूर्वक बेतावे लागतात. सव्वाअठरा इंचांचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापला, की त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते. ती उरेब राहिली तर क्विल्टची कड ताणते आणि बॉर्डर लाटांसारखी वर-खाली होते. नक्षीला दिशा असेल, उदाहरणार्थ एकामागून एक धावणारे त्रिकोण, तर ते चारही बाजूंनी गोल फिरवायचे की प्रत्येक बाजूच्या मध्यावर समोरासमोर आणायचे हे आधी ठरवावे लागते. एका दिशेने पुनरावृत्त होणाऱ्या पट्टीत सममितीचे फक्त ७ प्रकार संभवतात आणि दोन्ही दिशांनी पसरणाऱ्या नक्षीत १७. इंकस्केपच्या प्रतिकृतींच्या खिडकीत हे १७ प्रकार ओळीने दिलेले आहेत. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी ते १८९१ मध्ये सिद्ध केले, हे मला त्या खिडकीमुळेच पुढे वाचायला मिळाले.

छपाईने आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. अमेरिकी लेटर आकाराच्या पानावर मांडलेले साचे ए-४ कागदावर ‘पानात बसवा’ म्हणून छापले, की रुंदी २१५.९ मिलिमीटरवरून २१० वर येते आणि सर्व काही सुमारे ९७ टक्के होते. पडताळणीसाठी एक इंचाचा चौकोन छापण्याची रीत आहे, पण एवढ्या लहान चौकोनात ही घट डोळ्यांना दिसत नाही. आम्ही चार इंचांचा छापतो, त्यात ती जवळजवळ १/८ इंच दिसते. कापड कागदाच्या मागे ठेवून छापील रेषांवर शिवायच्या ब्लॉकचा साचा आरशातल्यासारखा उलटा छापावा लागतो, हेही आम्ही एकदा विसरलो होतो.

कापडाचा अंदाज क्षेत्रफळावरून काढणे आम्ही बंद केले आहे. साडेदहा इंचांचे २० चौकोन ४० इंच वापरण्याजोग्या रुंदीत क्षेत्रफळाने सुमारे ५५ इंच कापडात बसतात असे दिसते. प्रत्यक्षात एका पट्टीत तीनच निघतात, सात पट्ट्या लागतात आणि कापड साडेत्र्याहत्तर इंच. रंगांबाबत पडद्यावर आम्ही फारसा विश्वास ठेवत नाही, फक्त चित्र एकदा राखाडी करून फिकट-गडद वेगळे उठतात का ते पाहतो.

पुढे पैसे जमल्यावर आम्ही खास सॉफ्टवेअर घेतले आणि रोजचे बहुतेक काम आता त्यावर होते. तरी नवे काम आले की पहिली फाइल बॉर्डरची उघडतो, तिचे एकक ठरवतो आणि मग ब्लॉकला माप देतो. भागीदार प्रत्येक आराखड्याचा एक कोपरा आणि एक पूर्ण बाजू शिवून पाहिल्याशिवाय तो बाहेर जाऊ देत नाहीत. सध्या दोन इंच बाजूच्या षटकोनांची मांडणी हाती आहे. तिच्यात एका दिशेचे पाऊल ३.४६ इंचांचे पडते आणि दुसऱ्या दिशेचे ३ इंचांचे, शिवाय दोन कडा सरळ आणि दोन दातेरी. अर्धे षटकोन लावून कडा सपाट करता येतात, परंतु कोपऱ्यात नक्षी तुटते. मी ती बॉर्डर आतापर्यंत तीनदा काढून पुसली आहे आणि शिवण्यासाठी बेतलेले कापड अजून भागीदारांच्या टेबलावर घडीतच आहे.