आमची वाटचाल : घोडी, सरस आणि शाळांची व्हायोलिनं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'वाद्य दुरुस्ती' एवढंच लिहिलंय. पेटीचे सूर लावणं, तबल्याला पुडी चढवणं हे आधीपासूनचं काम. शाळांची व्हायोलिनं आमच्याकडे आली ती एका ऑर्केस्ट्रावाल्या सरांमुळे. सर स्वतः व्हायोलिन वाजवणारे आणि शाळेत ऑर्केस्ट्रा शिकवणारे. पहिल्याच खेपेला अर्ध्या आणि पाऊण मापाची व्हायोलिनं काउंटरवर मांडून म्हणाले, "पोट्ट्यांची बोटं दुखतात, अन् घरचे म्हणतात पोरगं आळशी."

पोरं आळशी नव्हती. कारखान्यातून आलेली घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, कुणी तासलीच नव्हती, म्हणून तारा फार उंच होत्या. पूर्ण मापाच्या व्हायोलिनला फिंगरबोर्डच्या (बोटं टेकवायच्या पट्टीच्या) टोकाशी सगळ्यांत बारीक ई तार साधारण ३ मिमी आणि सगळ्यांत जाड जी तार ५ मिमी उंच हवी. लहान मापाला त्याहून कमी. खुंट्यांजवळच्या नटपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या छोट्या पट्टीपाशी, तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. घोडीचे पाय पोटाच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, गोलाईला बसेपर्यंत घासायचे, मग वरची कमान उतरवायची, खाचांत पेन्सिलीचं शिसं फिरवायचं. साऊंडपोस्ट, म्हणजे आतली लाकडी काडी, ई तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, उभा आणि दाबाने अडकलेला. त्याला डिंक कधीच लावायचा नाही. तो बसवायचा एस आकाराचा सेटर आमच्याकडे अजून तोच आहे, टोक दोनदा घासून घेतलंय. खुंट्यांची भोकं कातायचा रीमर १:३० उताराचा. हा उतार चुकला की खुंटी एकाच बाजूने धरते आणि मग खडू लावा नाहीतर साबण, ती सटकतेच.

सरांचा हट्ट एकच, वर्गातलं प्रत्येक वाद्य हाताला सारखं लागलं पाहिजे. नवशिक्यांना चारही तारांना फाईन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू), पण ते टेलपीसमध्येच, म्हणजे तारांची खालची टोकं धरणाऱ्या तुकड्यातच, घडवलेले. वरून चार सुटे बसवले तर टेलपीस जड होतो आणि घोडीमागची तार आखूड पडते. माप वयावर ठरवायचं नाही, हात लांब करून मुलाच्या तळव्यात स्क्रोल (वाद्याचं वळणदार डोकं) आरामात मावतो का ते पाहायचं. किंमत जवळपास सारखीच म्हणून शाळा पूर्ण मापाचीच घ्यायला निघतात. सर अडून बसायचे.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग शहरातल्याच एका दुकानाने आमच्या निम्म्याहून कमी भावात ठेवायचा डबा, बो (वाजवायचा गज) आणि रोझिन (बोला लावायची राळ) यांसकट पूर्ण संच देऊ केला. शाळेच्या समितीने तो घेतला आणि देखभालही त्यांनाच दिली. सरांनी लेखी विरोध केला, तो फाइलीत राहिला. आम्ही पुन्हा पेटीच्या सुरांवर आलो, भाडं थकलं, मदतनीस गेला. त्यांच्या बिलावर 'सर्व्हिसिंग' असायचं, प्रत्यक्षात बहुतेक नुसतं पॉलिश.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. व्हायोलिनं पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटात राहिली. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी. पुढे कपाट उघडलं तेव्हा सरांनी निरोप आम्हालाच धाडला.

कोरड्या हवेत लाकूड रेषांना आडवं आकसतं. जोड सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या चिकटद्रव्याने, चिकटवलेला असेल तर तो सुटतो आणि लाकूड वाचतं. सरस वापरतात ते त्यासाठीच. त्या दुकानाने सुटलेले जोड झटपट डिंकाने भरले होते. तिथे जोड टिकला आणि शेजारचं पोटाचं स्प्रूस लाकूड उभं फाटलं. काही वाद्यांत साऊंडपोस्टसुद्धा चिकटवलेला! बो कसलेलेच ठेवले होते. कोरड्या हवेत बोचे घोड्याचे केस आखडतात, म्हणून काठ्या वाकल्या. बंद डब्यातल्या किड्यांनी उरलेले केस खाल्ले.

जोडकाम असं : सरस थंड पाण्यात भिजवून साठ अंशांच्या आसपास पाण्याच्या भांड्यात वितळवायचा, उकळायचा नाही, ताकद जाते. जुना डिंक पूर्ण काढायचा, त्यावर सरस धरत नाही. लाकडाच्या कडा कोमट करून क्लँप लावायचे, रात्रभर ठेवायचे. मे महिन्यात हे काम सोपं जातं, कारण सरस गोठायला वेळ घेतो. डिसेंबरात हेअर ड्रायर हाताशी लागतो. वाचवता आली तेवढी आम्ही वाचवली. बिल मात्र फार उशिरा निघालं, आणि ते दुकान अजून शाळांना माल देतंच आहे.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बो सैल करा. तारा अर्धा-एक सूर उतरवा, पण पूर्ण ढिल्या नकोत; साऊंडपोस्ट पडेल. वाद्य कूलरसमोर ठेवू नका. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात तोवर पाऊस आलेला असतो आणि खुंट्या फुगून अडतात; पक्कड लावू नका, हळूच बाहेर ओढत फिरवा. सुरात लावताना घोडी फिंगरबोर्डकडे झुकते, टेलपीसकडची बाजू काटकोनात आहे का ते रोज पाहा. आणि प्रार्थनेच्या पेटीचा सूर चढा असेल तर तिच्यामागे ई तार ओढत नेऊ नका. तार तुटते, पेटी तशीच राहते.

सर आता निवृत्त झालेत, पण गॅदरिंगच्या आधी नव्या मास्तरांबरोबर बो घेऊन येतात. एका बोला दीडशे ते दोनशे केस लागतात. विंचरून, गाठ मारून, पाचर बसवून ते सुकवावे लागतात आणि रोझिन धरायला आणखी एखादा दिवस जातो. बो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आणलात तर तसाच परत मिळेल.